उपाशी पोट आणि दारू

तरुणांच्या दारूबद्दल चर्चा होते ती बाटलीची, संगतीची आणि कायद्याची. ताटाचा विचार त्यात क्वचितच येतो. प्रत्यक्षात खाण्याच्या सवयी आणि अति मद्यपान एकमेकांत घट्ट गुंतलेले असतात. रिकाम्या पोटी घेतलेली दारू वेगाने चढते आणि सोबतचे खारट-तिखट खाणे प्यायला उद्युक्त करते. पिणे वाढत गेले की भूक मरते, आहार ढासळतो आणि ढासळलेल्या शरीरावर तीच दारू अधिक घाव घालते. वर्धा जिल्ह्यात १९७० च्या दशकापासून दारूबंदी आहे. महात्मा गांधींनी आहाराचे प्रयोग आणि दारूबंदीचा आग्रह, दोन्ही याच भूमीवरून देशापुढे ठेवले. त्यामुळे ताट आणि पेला यांच्या संबंधाचा विचार करण्यासाठी वर्ध्याइतकी योग्य जागा दुसरी सापडणे अवघड.

अति मद्यपान म्हणजे किती?

जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येनुसार, एका बैठकीत ६० ग्रॅम किंवा त्याहून अधिक शुद्ध अल्कोहोल पोटात जाणे आणि असे महिन्यातून एकदा तरी घडणे म्हणजे अति मद्यपान. हा आकडा आपल्याकडच्या मापात पाहिला तर धक्का बसतो. १८० मिलिलीटरचा एक पव्वा, म्हणजेच क्वार्टर, ४२.८ टक्के अल्कोहोलच्या व्हिस्कीचा किंवा रमचा असेल तर त्यात सुमारे ६१ ग्रॅम अल्कोहोल असते. दोन मित्रांनी एकेक क्वार्टर संपवली तर त्यांना स्वतःला ते ‘थोडेसेच’ वाटते. आरोग्यशास्त्राच्या दृष्टीने दोघांनीही धोक्याची रेषा ओलांडलेली असते. ८ टक्के तीव्रतेच्या ६५० मिलिलीटर बिअरच्या एका बाटलीतून सुमारे ४१ ग्रॅम अल्कोहोल मिळते. गावठी दारूची तीव्रता तर दर हंड्याला बदलते, त्यामुळे तिथे मोजमापच उरत नाही.

एम्सच्या राष्ट्रीय व्यसनमुक्ती केंद्राने केंद्र सरकारसाठी केलेली देशव्यापी पाहणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. १० ते ७५ वर्षे वयोगटातील १४.६ टक्के भारतीय, म्हणजे सुमारे १६ कोटी लोक दारू पितात, असे तिच्यात आढळले. पुरुषांत हे प्रमाण २७.३ टक्के आहे, तर स्त्रियांत १.६ टक्के. १० ते १७ वर्षांच्या मुलांतही १.३ टक्के पिणारे निघाले. टक्केवारी लहान दिसते, पण देशाच्या लोकसंख्येत ती लाखो मुले होतात. त्यांच्या मेंदूची वाढ अजून पूर्ण झालेली नसते. परिणामांचा विचार करून स्वतःला आवरणारा मेंदूचा पुढचा भाग पंचविशीच्या आसपास पक्व होतो, म्हणून कोवळ्या वयात लागलेली सवय सोडवणे अधिक कठीण जाते.

पोट रिकामे असते तेव्हा

भाकरीचे किंवा वरणाचे पचन व्हावे लागते. अल्कोहोलचे तसे नाही. त्याचा सुमारे एक-पंचमांश भाग जठरातून आणि उरलेला लहान आतड्यातून थेट रक्तात जातो. जठरात अन्न असेल तर जठराचे खालचे दार बराच वेळ आवळलेले राहते आणि दारू आतड्यात सावकाश उतरते. तेवढ्या वेळात जठरातील आणि यकृतातील विकरे तिच्यातील काही भाग मोडून टाकतात. पोट रिकामे असेल तर ही अडवणूक होत नाही. अर्ध्या ते एका तासात रक्तातील अल्कोहोल शिखर गाठते आणि तेवढीच दारू जेवणानंतर घेतल्यावर झाले असते त्यापेक्षा हे शिखर बरेच उंच असते.

६० किलो वजनाच्या तरुणाने उपाशीपोटी घाईघाईने एक क्वार्टर घेतली, तर त्याच्या रक्तात दर १०० मिलिलीटरमागे १३० ते १५० मिलिग्रॅम अल्कोहोल असू शकते. वाहन चालवण्यासाठी मोटार वाहन कायद्याने घातलेली मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे तो मर्यादेच्या चार-पाच पट पुढे जाऊन दुचाकीला किक मारत असतो. यकृत ताशी साधारण ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल मोडते, त्यामुळे ६० ग्रॅमचा निचरा व्हायला सहा ते आठ तास लागतात. लिंबूपाणी, ताक, काळी कॉफी किंवा थंड पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. मुलींच्या शरीरात पाण्याचे प्रमाण तुलनेने कमी असते, म्हणून तेवढ्याच दारूने त्यांच्या रक्तातील पातळी अधिक चढते.

दुसरा धोका साखरेचा. दोन जेवणांच्या मधल्या काळात यकृत आपल्या साठ्यातली साखर रक्तात सोडते आणि साठा सरत आला की नवी साखर तयार करते. अल्कोहोल मोडण्याच्या कामात गुंतलेल्या यकृताला ही नवी साखर बनवता येत नाही. दिवसभर काही न खाल्लेल्या, अंगाने बारीक असलेल्या मुलाच्या यकृतातला साठा आधीच संपत आलेला असतो. अशा वेळी रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम, थरथर, बडबड, गुंगी ही साखर कमी झाल्याची लक्षणे नशेसारखीच दिसतात, आणि ‘झोपू द्या, उतरेल’ म्हणून मित्र त्याला तसाच सोडून देतात. हाक मारून जाग येत नसेल, श्वास मंद किंवा अडखळता असेल, अंग गार पडले असेल तर त्याला कुशीवर वळवून ताबडतोब १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलावली पाहिजे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात साखरपाणी किंवा काहीही घालू नये, ते श्वासनलिकेत जाऊन जीव जाऊ शकतो.

यावरून ‘पोटभर खाऊन प्यायले की दारू बाधत नाही’ असा अर्थ काढणे चूक ठरेल. जेवणाने अल्कोहोलचे शिखर खाली येते, पण प्यालेल्यापैकी बहुतेक अल्कोहोल शेवटी रक्तात पोहोचतेच. आरोग्यासाठी दारूची कोणतीही मात्रा सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे.

चकणा : भूक आणि तहान यांचा फेरा

बैठकीतला चकणा निरुपद्रवी मानला जातो. खारे शेंगदाणे, शेव, फरसाण, तळलेले पापड यांत मीठ भरपूर असते. मीठ तहान वाढवते आणि समोर पेला असताना ती तहान पाण्याऐवजी दारूने भागवली जाते. उलट बाजूने दारूही भूक चेतवते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील उंदरांवरच्या संशोधनात असे दिसले, की उपासमारीच्या वेळी जागे होणारे मेंदूतील भुकेचे चेतातंतू अल्कोहोलमुळेही जागे होतात. पोटात उष्मांक जात असतानाही मेंदूला भूक लागल्याचा संदेश मिळत राहतो. त्यामुळे पिणाऱ्याचा हात तळलेल्या पदार्थांकडे पुन्हा पुन्हा जातो.

एक ग्रॅम अल्कोहोलमधून सुमारे ७ किलोकॅलरी मिळतात. एका क्वार्टरमधून साधारण ४३० किलोकॅलरी पोटात जातात, पण त्यांच्यासोबत प्रथिने, लोह, कॅल्शियम किंवा जीवनसत्त्वे काहीही येत नाही. घट्ट वरण, ज्वारीची भाकर आणि पालेभाजी यांतून जेवढी ऊर्जा मिळते तेवढी इथेही मिळते, मात्र शरीराची बांधणी करणारे काहीच हाती लागत नाही.

परदेशातील महाविद्यालयांत आणखी एक घातक प्रकार आढळला आहे. वजन वाढू नये किंवा कमी पैशांत लवकर नशा यावी म्हणून काही मुले-मुली पिण्याच्या दिवशी मुद्दाम जेवण टाळतात. त्याला ‘ड्रंकोरेक्सिया’ असे नाव पडले आहे. आपल्याकडे नाव वेगळे नसले तरी ‘खाली पोट जल्दी चढते’ हे ज्ञान तरुणांच्या टोळक्यात सहज फिरते, आणि वर्गणीतून आणलेली बाटली पुरवायची असेल तर त्याचा वापरही होतो.

वर्ध्यातला दिवस आणि जेवणाच्या वेळा

वर्धा जिल्ह्याच्या घरगुती आहारात पोषणाची परंपरा चांगली आहे. ज्वारीची भाकर, तुरीचे वरण, अंबाडीची भाजी, झुणका, पाटवडी, गोळाभात, ठेचा आणि सोबत कांदा हे जेवण साधे असले तरी भक्कम आहे. अडचण पदार्थांपेक्षा वेळेची आहे. शालेय पोषण आहार पहिली ते आठवीपर्यंत मिळतो. नववीत, म्हणजे साधारण चौदाव्या वर्षी, तो थांबतो. नेमक्या याच वयात भूक सर्वाधिक असते, मुले गावातून तालुक्याच्या शाळेत एसटीने जाऊ लागतात आणि घरच्या नजरेबाहेरचे तास वाढतात. सकाळची बस गाठायची म्हणून न्याहारी सुटते. दुपारी स्टँडवरचा आलूबोंडा, समोसा किंवा तर्री-पोहे खाऊन वेळ निभावली जाते. घरचे पहिले खरे जेवण रात्रीच होते.

वर्धा, सेवाग्राम, सावंगी (मेघे) आणि हिंगणघाट येथे शिक्षणासाठी खोली करून राहणाऱ्यांची गत वेगळी नसते. रात्रीचे जागरण, उशिरा उठणे, चहा-बिस्किटावर काढलेली दुपार आणि मेसला सुट्टी असेल त्या संध्याकाळी रिकामे पोट. मित्रांची बैठक बहुधा अशाच संध्याकाळी जमते.

या सगळ्यात खर्ऱ्याची भर पडते. सुपारी, तंबाखू आणि चुना घोटून केलेला खर्रा विदर्भात शाळकरी वयापासून तोंडात जातो. तंबाखूतील निकोटीन भूक मारते, त्यामुळे दिवसभर खर्रा चघळणाऱ्याला जेवण चुकल्याचे जाणवत नाही. काही वर्षांत तोंडाच्या आतील त्वचा ताठर होते, तोंड पूर्ण उघडत नाही आणि तिखट जेवण झोंबू लागते. मग भाकर-भाजी सुटते आणि मऊ, गोड, पातळ पदार्थांवर दिवस निघतो. त्यावर दारू आली की कर्करोगाचा धोका नुसत्या बेरजेपेक्षा अधिक वाढतो, कारण अल्कोहोलमुळे तंबाखूतील घातक द्रव्ये तोंडाच्या पेशींत सहज शिरतात.

सणवाराची दारू हा निराळा विषय. होळीची धुळवड, पोळ्याची कर, लग्नाची वरात या दिवशी सकाळपासून उन्हात नाचणे, पाणी कमी आणि जेवण उशिरा असा क्रम असतो. अनेक मुलांच्या ओठाला दारू पहिल्यांदा लागते ती अशाच दिवशी, वडीलधाऱ्यांच्या डोळ्यांदेखत.

बंदीच्या जिल्ह्यातले पिणे

वर्धा जिल्ह्यात दारू विकता येत नाही. शेजारच्या नागपूर, अमरावती आणि यवतमाळ जिल्ह्यांत ती खुली आहे. चंद्रपूरमधील २०१५ ची बंदीही २०२१ मध्ये उठली. त्यामुळे सीमेपलीकडून चोरटी दारू येते आणि गावोगावी मोहफुलांचा सडवा घालून हातभट्टी लागते. या व्यापाराशी वर्षानुवर्षे झुंजल्या त्या गावोगावच्या महिला. दारूबंदी मंडळे स्थापून, भट्ट्या फोडून आणि पोलिसांचा पाठपुरावा करून त्यांनी ही बंदी जिवंत ठेवली. घरातला किराणा आणि मुलांचे दूध कोणत्या पैशांतून येते आणि तो पैसा कुठे जातो, हे त्यांना रोज दिसत होते. दारूचा आणि ताटाचा संबंध त्यांनी कोणत्याही शास्त्रज्ञाआधी ओळखला होता.

बंदीमुळे दारू मिळणे अवघड होते आणि तिची उघड प्रतिष्ठा संपते. हा मोठा लाभ आहे. मात्र जो तरीही पितो, त्याच्या पिण्याची रीत बदलते. शेताच्या बांधावर, कॅनॉलच्या पाळीवर किंवा बंद खोलीत पकडले जाण्याच्या भीतीने पिणे घाईचे होते. जेवण सोबत नसते, पाणीही पुरेसे नसते, आणि हातभट्टीत काय मिसळले आहे हे कळत नाही. दूषित दारूतील मिथेनॉल डोळे आणि जीव दोन्ही घेते. म्हणून बंदीच्या जिल्ह्यात रिकाम्या पोटाच्या धोक्याची माहिती तरुणांपर्यंत अधिक नेटाने पोहोचवावी लागते. विषय निषिद्ध आहे म्हणून शाळा-घरांत गप्प राहिल्यास मुलांना अर्धवट ज्ञान टोळक्यातूनच मिळते.

सवय लागल्यावर शरीराचे काय होते

पिणे नियमित झाले की सुरुवातीची चेतलेली भूक उलटते. जठराचा दाह होतो, सकाळी मळमळते, न्याहारी नकोशी वाटते आणि दुपारचे जेवण अर्धे राहते. अल्कोहोल आतड्यातून ‘ब-१’ जीवनसत्त्व आणि फोलेट शोषले जाण्यात अडथळा आणते. जस्त आणि मॅग्नेशियम लघवीवाटे वाहून जातात. ‘ब-१’ च्या तीव्र कमतरतेने तोल जातो, नजर स्थिर राहत नाही, गोंधळ उडतो आणि उपचार लांबला तर स्मरणशक्ती कायमची जाते. हे जीवनसत्त्व धान्याच्या कोंड्यात असते. पॉलिश केलेल्या पांढऱ्या तांदळावर भागवणाऱ्या पिणाऱ्याची हानी त्यामुळे दुहेरी असते.

पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर धावणाऱ्या आणि व्यायामशाळेत घाम गाळणाऱ्या मुलांसाठी एक निष्कर्ष महत्त्वाचा आहे. ऑस्ट्रेलियातील २०१४ च्या एका लहान प्रयोगात व्यायामानंतर पुरेशी प्रथिने घेतली, पण सोबत भरपूर दारूही प्यायली, तर स्नायूंची नवी बांधणी सुमारे २४ टक्क्यांनी घटलेली आढळली. व्यायामानंतर खाल्लेली अंडी, केळी आणि मोड आलेले हरभरे यांचा काही लाभ शनिवारच्या एका बैठकीत वाया जातो.

जेवणाची शिस्त आणि दारू : संशोधन काय सांगते

फिनलंडमध्ये जुळी भावंडे असलेल्या किशोरवयीन मुलांचा आणि त्यांच्या पालकांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. न्याहारी टाळणाऱ्यांत धूम्रपान, व्यायामाचा अभाव आणि वारंवार मद्यपान अधिक आढळले. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात ४,७४६ शालेय विद्यार्थ्यांची पाहणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. ज्या घरांत कुटुंब वारंवार एकत्र जेवते, तिथल्या मुलांत दारू, तंबाखू आणि गांजा यांचे प्रमाण कमी होते. पाच वर्षांनी पुन्हा पाहिले तेव्हा हा संरक्षक परिणाम मुलींमध्ये टिकलेला दिसला, मुलग्यांमध्ये तसा दिसला नाही.

अशा पाहण्यांतून न्याहारी चुकली म्हणून मूल पिऊ लागले असे सिद्ध होत नाही. ज्या घरात ओढाताण, भांडणे किंवा वडिलांचे व्यसन असते, तिथे जेवण आणि वळण दोन्ही बिघडण्याची शक्यता असते. तरीही चुकलेले जेवण ही धोक्याची एक ठळक खूण आहे आणि ती पालकांच्या डोळ्यांसमोर असते. मुलाने पहिला घोट कधी घेतला हे कळत नाही. तो रोज रात्री जेवायला बसत नाही, डबा न खाता परत आणतो, सकाळी चहाशिवाय काही घेत नाही, हे मात्र कळते.

वर्ध्याचा वारसा

१९३४ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाची स्थापना झाली. जे. सी. कुमारप्पा यांनी त्याचा कारभार सांभाळला. हातसडीचा तांदूळ, जात्यावरचे पीठ, घाणीचे तेल आणि गूळ यांचा पुरस्कार इथून झाला. त्यामागे गावातल्या माणसाच्या हाताला काम आणि पोटाला सकस अन्न मिळावे हा विचार होता. १९३६ मध्ये गांधीजी सेवाग्रामला राहायला आले. १९४१ च्या ‘रचनात्मक कार्यक्रमा’त त्यांनी दारूबंदीला महत्त्वाचे स्थान दिले आणि केवळ कायद्यावर विसंबून राहिले नाहीत. थकलेल्या मजुराला विसावा, स्वस्त व आरोग्यदायी खाणे आणि खेळ मिळतील अशी केंद्रे गावोगावी उघडावीत, असे त्यांनी सुचवले. माणूस दारूकडे वळतो तो पुष्कळदा थकून आणि भुकेला होऊन, ही समज त्या सूचनेत आहे. पुढे कायद्याचा भाग टिकला आणि खाण्या-खेळण्याच्या केंद्रांचा भाग मागे पडला.

शिक्षणातही हा धागा आहे. १९३७ च्या वर्धा परिषदेतून हाताच्या कामातून शिकवणारी नई तालीम पुढे आली. सेवाग्रामच्या आनंद निकेतन शाळेत आजही मुले शेतीत आणि स्वयंपाकघरात काम करून शिकतात. स्वतः पेरलेले, निवडलेले आणि शिजवलेले अन्न ताटात येते तेव्हा मुलांना जेवणाची किंमत वेगळी शिकवावी लागत नाही. १९६९ मध्ये डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थ्यांनी खादी वापरावी, शाकाहारी राहावे आणि दारू-तंबाखूपासून दूर राहावे, असा दंडक घालून देण्यात आला. आहार आणि निर्व्यसनीपणा यांची एकाच आचारसंहितेत सांगड घालणारी अशी वैद्यकीय महाविद्यालये विरळाच.

काय करता येईल

घराने रात्रीचे एक जेवण एकत्र घेण्याचा नेम पाळावा आणि त्या वेळी मोबाइल व झाडाझडती दोन्ही बाजूला ठेवावीत. न्याहारीला वेळ नसेल तर रात्रीची भाकर, भाजलेले शेंगदाणे व गूळ, उकडलेले अंडे किंवा भिजवलेले हरभरे हातात देता येतात. नववी ते बारावीच्या मुलांना एसटीच्या प्रवासात डबा न्यायची लाज वाटू नये, यासाठी शाळेने सामूहिक डब्याची वेळ राखावी. वसतिगृहे आणि मेस यांनी रविवारी रात्रीचे जेवण बंद ठेवू नये. गणेशोत्सव, पोळा आणि वरातीच्या आयोजकांनी दुपारच्या जेवणाची आणि पाण्याची सोय वेळेवर केली, तर पुष्कळ अनर्थ टळतील.

जो आधीच पिऊ लागला आहे त्याच्यासाठीही जेवण हा उपचाराचा भाग आहे. दारू सोडताना भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार स्थितींपासून सावध राहावे, असे अल्कोहोलिक्स अनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या संघटनेच्या परंपरेत शिकवले जाते. यादीत पहिली भूक आहे. साखर घसरली की चिडचिड होते, हात कापतात आणि ती अवस्था दारूच्या तलफेसारखी वाटते. वेळेवर खाल्ले की तिचा जोर पुष्कळदा ओसरतो. रोज भरपूर पिणाऱ्याने मात्र दारू एकदम सोडू नये. अशा वेळी झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी आणि ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा पुरवठाही त्यांच्या सल्ल्याने घ्यावा. सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय, सावंगीचे रुग्णालय आणि वर्ध्याचे जिल्हा सामान्य रुग्णालय जवळच आहेत. व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी टेलिमानसचा १४४१६ हे राष्ट्रीय दूरध्वनी क्रमांक विनामूल्य आहेत.

दारूबंदी कायद्याने बाटली अडवता येते. भुकेल्या, थकलेल्या आणि एकट्या पडलेल्या मुलाची गरज कायद्याने भागत नाही. ती भागवण्याचे काम घर, शाळा, वसतिगृह आणि गाव यांचे आहे, आणि त्याची सुरुवात वेळेवर वाढलेल्या ताटापासून करता येते.